गव्हर्नरला बांधलेली दोरी

अकरा दिवस मला ठाऊक होते की त्या खोलीत एक माणूस मरू शकतो, आणि अकरा दिवस मी त्याला तसे सांगितले नाही. हे वाक्य कागदावर उतरवायला मला पुष्कळ दिवस लागले. आता ते उतरले आहे, तेव्हा बाकीचेही क्रमाने सांगते.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत असे. एका जूनमध्ये तासिका मिळाल्या नाहीत. त्यानंतर दर्यापूर रस्त्यावरच्या एका हॅचरीत मला काम मिळाले: वीज आणि यंत्रे यांच्या नोंदी ठेवणे. कोंबडीची अंडी एकवीस दिवस मोठमोठ्या कपाटांत ठेवून उबवायची आणि पिल्ले पाठवून द्यायची, एवढाच तिथला उद्योग. मात्र त्या कपाटांतले पंखे थांबून चालत नाहीत. शेवटच्या आठवड्यात अंड्यातला जीव स्वतःच उष्णता टाकू लागतो. पंखा थांबला, तर तो आपल्याच उबेने शिजून जातो. त्यातून तो वऱ्हाडातला मे महिना. वीज गेली की जनरेटर लावायचा आणि वीज येईपर्यंत तो चालवायचा, हा तिथला धर्मच होता.

जनरेटर चालवणारे काका साठीच्या घरातले होते. आयुष्याची पहिली वीस वर्षे त्यांनी विहिरींवरच्या ऑइल इंजिनांवर काढली होती, नंतरची याच इंजिनावर. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, पण इंजिनाचा आवाज ते उजव्या हाताच्या तळव्याने ऐकत. मी नवी होते, पुस्तकातली होते, आणि मुख्य म्हणजे भित्री होते. वर्गात साठ मुलांसमोर मी बोलत असे ते केवळ फळ्याकडे तोंड करून. तिथे फळा नव्हता.

त्या इंजिनाच्या अंगाला बाहेरून बसवलेला एक गव्हर्नर होता. गव्हर्नर मी वीस वर्षे फळ्यावर काढत आले होते, वर्तुळाकार गतीच्या धड्याला जोडून: दोन वजने, एक स्प्रिंग, एक दांडा. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारी वजने बाहेर फाकतात आणि दांडा डिझेलच्या पंपाची भुजा मागे ओढून डिझेल कमी करतो. वेग पडला की वजने आत येतात, भुजा पुढे जाते, डिझेल वाढते. आमच्या जनरेटरला मिनिटाला पंधराशे फेरे लागत. कमी चालत नाहीत, जास्तही नाहीत, कारण विजेची पन्नास हर्ट्झची लय त्या फेऱ्यांवरच ठरते. चार पंखे एकदम सुरू झाले की इंजिन दबते, आणि गव्हर्नर ते दबणे ओळखून त्याला बळ देतो. तेच पंखे एकदम बंद झाले की इंजिन उधळू पाहते, आणि गव्हर्नर वेसण ओढतो. फळ्यावर हे फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात तो दांडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला एक मळकी सुती दोरी बांधलेली होती.

तो सोमवार होता. आदल्या आठवड्यापासून इंजिन एका लयीत चालत नव्हते. आवाज चढे, उतरे, पुन्हा चढे. दिवे त्याबरोबर मोठे-लहान होत. दांडा आणि भुजा जिथे जोडलेले होते तिथली पिन झिजून तिच्यात खेळ, म्हणजे सैलपणा, आला होता, त्यामुळे गव्हर्नरचा हुकूम भुजेपर्यंत उशिरा पोहोचे. डिझेल कमी व्हायचे तेव्हा इंजिन आधीच मंदावलेले असे, आणि वाढायचे तेव्हा आधीच चढलेले. काकांनी त्यावर उपाय केला होता: भुजा हवी तिथे पुढे ओढून दोरीने चौकटीला आवळून टाकली होती.

"काका, ही दोरी?" मी विचारले.

"झुलून राहिलं होतं ना ते दोन दिसापासून. बांधलं तं कसं गप बसलं पाहा, मायच्या मांडीवर बसल्यावानी."

"पण... मागे भार कमी झाला तर?"

"भार काई आपल्या मनानं कमी होते का, मॅडम? बाया मले आवाज देतात. 'काका, लोड' म्हणलं की मी दोर ढिला करतो अन् हात ठेवतो. चाळीस वर्सं झाले. माया हातच गव्हर्नर हाय."

अंड्यांचे ट्रे नेणाऱ्या बायांपैकी एक दारात थांबली होती. "मंग काका, तुमच्या हाताले ग्रीस कोन लावते?"

"तुयी काकू लावते. वाटीभर तेल घेऊन बसते रोज. तुले काहून पंचाईत?"

ती हसली, मीही हसले. हसत हसतच मी बाहेर आले आणि शेजारच्या, विजेच्या पॅनलच्या खोलीत, मधल्या काचेच्या अलीकडे, खुर्चीवर बसले.

काकांची पद्धत मला समजत नव्हती असे नाही. ती खरोखर चाले. बाया कपाटांचा संच बंद किंवा सुरू करण्यापूर्वी हाक मारत, काका दोरीची गाठ सैल करत, तळवा भुजेवर ठेवत, आणि आवाज चढू लागण्याआधीच ती मागे घेत. इतके हळुवार की मीटरचा काटा जेमतेम हले. मग पुन्हा दोरी. परंतु पॅनलमधला मुख्य ब्रेकर फार तापून आपणहून पडला, तर तो कुणाला हाक मारणार नव्हता. सगळा भार एका क्षणात जाईल, डिझेल मात्र पूर्ण भाराचेच मिळत राहील, आणि इंजिन वेग घेत सुटेल. वेग दुप्पट झाला तर इंजिनाच्या जड फिरत्या चाकाला फाडू पाहणारा ताण चौपट होतो. हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतले असेल! अशा वेळी इंजिन बंद पाडणारी एक सुरक्षा-यंत्रणा असते. ती आमच्याकडेही होती, पण इंजिन झुलत असताना ती उगाच चालू व्हायची म्हणून तिची तार काढून, टोकाला टेप गुंडाळून, नीट बाजूला वळवून ठेवलेली होती. तो नीटपणा पाहून मला अधिक भीती वाटली.

आणि काका जेवायला बसत ते त्या चाकाच्या अगदी रेषेत. तिथे कूलरचा वारा येई. लाकडी पाट मांडायचा, डबा उघडायचा, इंजिनाकडे पाठ करून भाकर मोडायची. एक ते दोन. तो तास मी काचेआडून मीटरच्या काट्याकडे पाहत काढत असे. माझा डबा घरी तसाच परत जाई.

मग बोलले का नाही? मी व्यवस्थापक साहेबांना मोबाइलवर मजकूर लिहिला होता, तीनदा. तिन्ही वेळा पुसला. साहेबांना सांगितले असते तर काकांना बोलणी बसली असती, आणि ती कुणामुळे बसली हे त्यांना कळले असते. दोन महिन्यांपूर्वी आलेली बाई चाळीस वर्षांच्या हाताची तक्रार करते, हे मला माझ्याच कानांनी ऐकू येत होते. शिवाय माझेच चुकत असले तर? मी इंजिनाला कधी हात लावला नव्हता. सुटा भाग नागपूरहून "येऊन राहिला" असे साहेब रोज सांगत. आज येईल, उद्या येईल, मग दोरी निघेल, मला बोलावेच लागणार नाही. भित्र्या माणसाचा सगळा हिशोब असा दुसऱ्याच्या येण्यावर बेतलेला असतो.

शनिवारी वीज सुरळीत होती, इंजिन थंड होते आणि काका बाहेर निंबाखाली आडवे झाले होते. मी प्रयोगशाळेतून आणलेला माझा जुना व्हर्निअर कॅलिपर पर्समधून काढला, आत गेले आणि चोरासारखी ती पिन मोजली. लांबी, जाडी, आणि ज्या छिद्रात ती बसते ते किती वाढले आहे तेही. सगळे हातावर पेनने लिहिले, कारण वही बाहेर राहिली होती.

अमरावतीतल्या कुठल्याही लेथवर गेले असते तर संध्याकाळपर्यंत काकांच्या कानावर गेले असते. तिथला प्रत्येक मिस्त्री त्यांना ओळखे. म्हणून रविवारी आईला भेटायच्या निमित्ताने एसटीने अकोल्याला गेले आणि एका लेथवाल्यापुढे उभी राहिले. मापे वाचून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कायची पिन हाय ही?"

"गव्हर्नरची. जनरेटरच्या."

"तं तुमी कावून आल्या? मिस्तरी कुठी गेला?"

"ते... जेवत आहेत," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"अकोल्याले पिन बनेलोक जेवूनच राहिला का तो?" असे म्हणून त्याने लोखंड लेथला लावले. पिन दिली, आणि छिद्र मोठे झाले आहे म्हणून बसवायला पितळेची एक बारकी बुश, म्हणजे आत बसणारी नळी, दिली, कशी ठोकायची तेही दाखवले. ते दोन्ही मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले. आईने संध्याकाळी विचारले, "काय व, पर्स काहून कवटाळून बसली?" तिलाही सांगितले नाही.

ती पिन पुढे चार दिवस माझ्या पर्समध्ये होती. ती पुढे करणे म्हणजे 'तुमची दोरी चूक आहे' असे म्हणणे, आणि 'तुमच्या मागे मी मापे घेतली' असेही म्हणणे. मंगळवारी मी पर्स घेऊन जेवणाच्या वेळी आत गेले. इंजिन चालू होते, दोरी ताणलेली होती. काकांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "घ्या मॅडम, भाकर खा. ठेचा हाय. वजन वाढवा जरासं, नाई तं कूलरच्या हवेनं उडून जासान." मी अर्धी भाकर घेतली. ती हातात धरून परत आले. काचेमागे बसून खाल्ली, आणि तो ठेचा तिखट आहे म्हणून डोळ्यांत पाणी आले असे स्वतःला सांगितले.

गुरुवारी सकाळी दहालाच वीज गेली. तारांचे काम होते, पाच वाजेपर्यंत येणार नव्हती. उकाडा असा की पॅनलच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी दर अर्ध्या तासाने त्या पत्र्याचे तापमान लिहीत होते. ते वाढत होते, आणि मी ते सुवाच्य अक्षरांत लिहीत होते. एक वाजता काकांनी पाट मांडला.

एक वाजून वीस मिनिटांनी मुख्य ब्रेकर पडला. धाड असा आवाज झाला. "काका, लोड" असे कुणी म्हटले नाही.

त्यानंतरचा आवाज मला सांगता येत नाही. तो अजून कधीकधी मिक्सर सुरू होताना ऐकू येतो. इंजिन रडत वर चढू लागले. मीटरचा काटा पन्नासवरून पंचावन्नवर, तिथून थेट टोकाला जाऊन टेकला आणि थरथरत राहिला. मी उठले नाही. दोन सेकंद, तीन सेकंद मी बसून राहिले, आणि डोक्यात एवढेच होते: हे मला माहीत होते.

काचेतून काका दिसले. हातातली भाकर टाकून ते उठले आणि सरळ गाठीकडे गेले. तेल पिऊन, हादऱ्यांनी ती गाठ दगड झाली होती. इंजिन बंद करायचा खटकाही त्याच भुजेला मागे ओढणारा, आणि भुजा दोरीने धरलेली. म्हणजे तो निरुपयोगी. डिझेलचा कॉक बंद केला तरी फिल्टरमधले डिझेल मिनिटभर पुरणार. हे सगळे मी अकरा दिवसांत मनाशी हजारदा घोकले होते, आणि त्या घोकण्याने शेवटी माझे पाय हलवले.

आत गेले तेव्हा जमीन पायाखाली गुणगुणत होती. "काका, सोडा ते! बाजूला व्हा!" त्यांच्या डाव्या कानाशी मी ओरडत होते. मग मी त्यांचा सदरा मागून धरून ओढला. परक्या पुरुषाचा सदरा मी जन्मात धरला नव्हता.

"सोडा, मॅडम! गाठ निघून राहिली!"

ती निघत नव्हती. मी पुन्हा ओढले, तसे ते मागे माझ्यावर आले आणि आम्ही दोघे भिंतीवर आदळलो. समोर पाट पडला होता. तो मी उचलला. उन्हाळ्यात बाहेरच्या धुळीने सारखी कोंदते म्हणून हवेची गाळणी त्या आठवड्यात धुवायला काढलेली होती, आणि इंजिनात हवा ओढणारे तोंड कमरेच्या उंचीवर, ताटाएवढे, उघडे होते. हवा थांबली की आग थांबते. मी पाट दोन्ही हातांनी त्या तोंडासमोर नेला, आणि इंजिनाने तो माझ्या हातांतून अक्षरशः हिसकावून घेतला. पाट चिकटला, कडकडला, मधोमध चिरला. मी त्या चिरेवर अख्खे अंग दाबून उभी राहिले. डोळे मिटलेले होते. चाक फुटले तर ते माझ्या पाठीतून जाईल की डोक्यातून, एवढाच विचार आठवतो.

आवाज खाली आला. इंजिनाने एकदा धाप टाकली, दुसऱ्यांदा टाकली, आणि ते थांबले.

शांततेत कूलरमधून पाणी ठिबकताना ऐकू येत होते. मग पलीकडून बाया कपाटांची दारे भराभर उघडू लागल्या. काका भिंतीला टेकून बसले होते. दोरीने त्यांच्या उजव्या तळव्याची साल काढली होती. साहेब धावत आले आणि काकांना नव्हे, मला म्हणाले, "किती वेळ? दारं उघडून अर्धा तास काढता येईल, जास्त नाही."

मी काकांकडे पाहिले.

काका उठले. त्यांनी खिशात हात घातला आणि दुसरी दोरी काढली. कोरी होती, पांढरी. मला वाटते, त्यांचे हातच ते करत होते. मनाने ते स्वतः अजून भिंतीशीच बसलेले होते.

"नाही," मी म्हणाले. आवाज फार बारीक आला. म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही, काका."

पर्स काचेमागून आणली, रुमाल सोडला आणि पिन व बुश त्यांच्या न सोललेल्या हातावर ठेवली. त्यांनी पिन बोटांत फिरवली, उजेडात धरली, जुनीशेजारी लावून पाहिली.

"कुठली हाय?"

"अकोल्याची. मी माप घेतलं होतं. तुम्ही झोपला होता तेव्हा."

"कवा आणली?"

"रविवारी."

त्यांनी पिन मुठीत धरली. रागावले असते तर बरे झाले असते. "चार दिस तुमच्यापाशी होती," ते हळू म्हणाले. "मंग काहून नाई देल्ली, बाई?"

ते मला नेहमी मॅडम म्हणत. मी हे लिहिते आहे ते बहुधा त्या प्रश्नासाठीच.

बुश त्यांनी ठोकली, कशी ठोकायची ते मी सांगत गेले. टेप गुंडाळलेली तार मी जोडली, कारण त्यांच्या तळव्यातून रक्त येत होते. पहारीने चाक दोन फेरे फिरवून पाहिले. कुठे अडत नव्हते, काही वाजत नव्हते. गाळणी जागेवर बसवली. पॅनलचे दार उघडून त्यावर कूलर वळवला. मग भार न जोडता इंजिन सुरू केले. मी चिरलेल्या पाटाचे दोन्ही तुकडे हातात घेऊन हवेच्या तोंडाशी उभी होते. काका त्यावर हसले नाहीत.

इंजिन चढले, आणि पंधराशेवर येऊन थांबले. बायांनी हाका मारत एकेक संच जोडला. प्रत्येक वेळी भुजा आपणहून जराशी पुढे सरके, थरथरे, स्थिर होई. काकांचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर हवेत होता. सहावा संच जोडला गेला तेव्हा त्यांनी तो खाली घेतला आणि सदऱ्याला पुसला.

त्या खेपेची पिल्ले पुढच्या आठवड्यात निघाली. थोडी निघाली नाहीत.

पण त्या दिवशी दोन वाजायला आले होते, आणि डबा तसाच उघडा पडला होता. काकांनी त्यातली दुसरी भाकर काढली, मोडली, अर्धी माझ्यापुढे केली. चाकाच्या रेषेतून बाजूला येऊन, माझ्या खोलीच्या दारात ते उभ्यानेच जेवले. बसायला पाट नव्हता.

"अजून काई हाय का तुमच्या पर्समंदी?" त्यांनी घास गिळत विचारले.

मी सांगितले, की पॅनलचा पत्रा सकाळपासून तापत होता, आणि मी ते फक्त लिहून ठेवले होते.